पाणी किती फुटांवर?

माझी भाची एका मराठी वृत्तवाहिनीची कोल्हापूरची प्रतिनिधी आहे. मी उभा जन्म वर्तमानपत्रात काढला, आधी बातमीदार म्हणून आणि मग डेस्कवर. त्यामुळे बातमी या विषयावर आमचं दोघांचं वाजतंच. या पावसाळ्याआधी तिला मुंबईच्या स्टुडिओतून बोलावणं आलं, अँकर म्हणून. पगार वाढणार, रात्री-अपरात्री गाडी काढून पळायला नको, पावसात उभं राहायला नको. ती जायला तयार नव्हती. माझं म्हणणं होतं, जा. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे. ज्या कामाबद्दल आम्ही बोलत होतो ते काम आज अडचणीत आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची चर्चा फक्त वाहिन्यांच्या कचेऱ्यांत राहू नये.

"मुंबईला जा," मी म्हणालो. "इथं तू करतेस त्याला बातमीदारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिवसभर एका जागी उभं राहायचं आणि विचारलं की बोलायचं. तेच खुर्चीत बसून करता येत असेल तर भिजायचं कशाला?"

"मामा, २०१९ च्या पुरात तुम्ही कुठं होता?"

"घरात. वीज नव्हती, पाणी नव्हतं."

"आणि पाणी कितीवर आलंय हे तुम्हाला कोण सांगत होतं?"

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न एकच: पाणी किती फुटांवर? हे फूट पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. या आकड्यावर दुकानातला माल वर चढवायचा की नाही, जनावरं हलवायची की नाही, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचवायचं की नाही, हे ठरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५५ च्या वर गेला. तिकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तिथे कृष्णा ५७ फुटांच्या वर होती. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर तुटलं. पेपरच्या गाड्या अडकल्या. मी मोबाइलची बॅटरी जपून ठेवायचो आणि दिवसातून दोनदा भाचीचंच लाइव्ह बघायचो. हे नाकारायचं कसं?

"मान्य," मी म्हणालो. "आकडा तू सांगितलास, वेळेवर सांगितलास. पण तो आकडा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा होता. तो वाचून दाखवायला बातमीदार लागत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पाणी एवढं का चढलं? कोयनेतून, राधानगरीतून, वारणेतून कधी किती सोडलं? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर, त्या दिवसांत तिथं पाणी किती ठेवलं होतं आणि विसर्ग किती चालू होता? तुमच्या पडद्यावर एक नेता म्हणाला अलमट्टीमुळे, दुसरा म्हणाला नाही. दोघांचे बाईट लावले की झाली बातमी?"

"पुढच्या वर्षी पुराच्या कारणांवर वडनेरे समितीचा अहवाल आला, आठवतोय?"

"आठवतोय. अलमट्टी हे मुख्य कारण नाही, अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणं, असा त्याचा रोख होता."

"त्याच्यावर मी स्टोरी केली होती. नदीच्या पूररेषेत बांधलेली घरं, भराव टाकून उठवलेले प्लॉट, सगळं शूट केलं होतं. दुपारी एकदा चालली. सव्वा मिनिटाची. त्याच दिवशी कोविडचे आकडे होते, मजुरांचे लोंढे होते. डेस्कचं चुकलं असंही म्हणता येत नाही मला."

"म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं."

"नाही ठरलं. तुम्ही म्हणता मी शोधत नाही. मी शोधते. जे शोधते ते बसवायला जागा नसते, आणि शोधायला लागणारा वेळ लाइव्हमध्ये जातो. दुखणं वेगळं आहे, मामा. औषधही वेगळं लागेल."

हे मला पटलं नव्हतं, म्हणून नंतरच्या एका पावसात मी तिच्याबरोबर दिवसभर फिरलो. माझ्यासारख्या जुन्या माणसाने हे एकदा जवळून बघावं. शिवाजी पुलाजवळ गाडी लागली. कॅमेरामन दादांनी आधी कॅमेऱ्यावर रेनकोट चढवला, मग स्वतःच्या अंगावर. वाहिनीचं बोधचिन्ह लावलेला बूम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावला, बोधचिन्ह तेवढं बाहेर राहील असा. पाठीवरच्या सॅकमध्ये ट्रान्समीटर. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असतात आणि सगळ्यांचं नेट एकत्र करून चित्र मुंबईला जातं. पूर्वी याच कामाला छत्रीएवढी डिश डोक्यावर घेतलेली ओबी व्हॅन लागायची. कानात इअरपीस. त्यात दोन आवाज असतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक अँकरचा, जो प्रेक्षकांना ऐकू येतो. दुसरा पीसीआरमधल्या, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातल्या प्रोड्युसरचा, जो फक्त तिलाच ऐकू येतो: थांब, अजून एक मिनिट, आता तुझ्याकडे येतोय, आवर, आवर. म्हणजे ती बोलत असते आणि त्याच वेळी ऐकतही असते. पाठीमागे पोरं हात हलवत असतात, बाजूने ट्रॅक्टर जातो, पावसाचा मारा सुरू असतो, आणि वाक्य तुटता कामा नये.

ही कसरत मी वर्तमानपत्रात कधीच केलेली नाही. मला जमली असती असंही वाटत नाही.

पण त्याच दिवशी मला आणखी एक दिसलं. पुलाच्या पलीकडे एक बाई भिजत उभी होती. चिखलीची होती. तिची म्हैस तिकडे राहिली होती आणि बोट मिळत नव्हती. भाची तिच्याशी बोलायला लागली, दोन वाक्यं झाली, आणि कानात बोलावणं आलं. ती परत कॅमेऱ्यासमोर. "तिथली परिस्थिती नेमकी काय आहे?" अँकरने विचारलं. तासाभरापूर्वीही हेच विचारलं होतं. तिने तेच सांगितलं, कारण परिस्थिती तीच होती. तेवढ्यात ती बाई निघून गेली.

"बघितलंस?" मी गाडीत म्हणालो. "नेमकी परिस्थिती त्या बाईकडे होती."

"मला माहीत आहे, मामा." ती एवढंच म्हणाली आणि चिखलीच्या सरपंचांना फोन लावायला लागली.

तिथून आमचं भांडण खऱ्या विषयावर आलं.

मी तिला व्हिएतनामचं उदाहरण दिलं. ऑगस्ट १९६५. सीबीएसचा मॉर्ली सेफर अमेरिकन मरीन सैनिकांबरोबर काम ने नावाच्या खेड्यात गेला आणि सैनिक सिगारेट लायटरने गवती छपरं पेटवताहेत, म्हातारीकोतारी माणसं रडताहेत, हे कॅमेऱ्यात आलं. अमेरिकेच्या घराघरात ते दिसलं आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सीबीएसच्या अध्यक्षांना फोनवर फैलावर घेतलं. पण ती फिल्म विमानाने अमेरिकेला जायची, धुतली जायची, कापली जायची. पाहिलेलं आणि दाखवलेलं यांच्यात वेळ होता. त्या वेळात वार्ताहर विचार करू शकत होता, संपादक प्रश्न विचारू शकत होते. "तुझ्याकडे तो वेळच नाही," मी म्हणालो. "तू बघतेस त्याच क्षणी बोलतेस. मग बघणं अर्धवट राहतं."

"आणि १९९३ ला किल्लारीत तुम्हाला वेळच वेळ होता. काय झालं?"

तिने नेमकं बोट ठेवलं. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट व्हायची होती तेव्हा भूकंप झाला. ३० सप्टेंबर. मी पुढच्या काळात त्या गावांमधून फिरलो आहे. मराठवाड्याबाहेरच्या महाराष्ट्राला त्या सकाळी कितीतरी तास कल्पना नव्हती की गावंच्या गावं दगड-मातीखाली गेली आहेत. आकाशवाणी होती, दूरदर्शनच्या सातच्या बातम्या होत्या, दुसऱ्या दिवशीचे पेपर होते. पहिल्या काही तासांत ढिगाऱ्याखालचा माणूस वाचतो, पुढे आशा कमी होत जाते. त्या तासांत तिथे एखादा लाइव्ह असता तर? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. वेळ घेऊन लिहिणाऱ्यांच्या बाजूने मी बोलतो खरा, पण किल्लारीचं नाव निघालं की माझा जोर कमी होतो.

"इथियोपियाचं सांगू?" ती म्हणाली. "तुमच्याच काळातलं."

१९८४ चा ऑक्टोबर. बीबीसीचे मायकेल ब्युर्क आणि कॅमेरामन मोहम्मद अमीन कोरेमच्या दुष्काळी छावणीत पोचले. ब्युर्कनी अगदी साध्या, खालच्या सुरात मजकूर वाचला आणि बरंचसं अमीनच्या चित्रांवर सोडलं. त्या वृत्तांताने जग हललं. बॉब गेल्डॉफचा बँड एड आणि पुढच्या जुलैतला लाइव्ह एड त्यातूनच उभे राहिले. "नाव ब्युर्कचं झालं," भाची म्हणाली, "पण छावणीत जायची वाट अमीनने काढली होती. नैरोबीचा माणूस, घराणं आपल्या उपखंडातून गेलेलं. १९९१ ला आदिस अबाबात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा डावा हात गेला. कृत्रिम हात बसवून परत कॅमेरा धरला. १९९६ ला अपहरण झालेल्या विमानात गेला. आमच्या धंद्यात चेहरा एकाचा असतो आणि डोळे दुसऱ्याचे. आमच्या दादांना बघा. पाण्यात कंबरेएवढं मला कोण उभं करतं? ते कधी करत नाहीत. उलट म्हणतात, ताई, काठावरून घेऊ, पाणी आपोआप कळतंय की."

तिच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं. कारण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून 'बघा, किती पाणी आहे' असं ओरडणारे प्रतिनिधी मी पडद्यावर पाहिले आहेत. एखादा तर खाली बसलेलाही असू शकतो, अशी शंका गावकऱ्यांना येते आणि मग खऱ्या पुराच्या बातमीवरचा विश्वासही पातळ होतो. पातळ झालेला विश्वास पुढच्या पुरात जीव घेतो, हे माझं मत कुणाला टोकाचं वाटेल. मला वाटत नाही.

मी २६/११ चा विषय काढला. ताज आणि ओबेरॉयबाहेर रांगेने उभे असलेले कॅमेरे, नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो, सगळं थेट. पलीकडे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच टीव्हीवर बघून आत फोनवर सूचना देत होते. कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून खडे बोल सुनावले. "हा तुमच्या लाइव्हचा हिशेब," मी म्हणालो.

"त्याच्यानंतर २०१५ ला नियम आला," ती म्हणाली. "दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना लाइव्ह नाही. नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देईल तेवढीच द्यायची. मला तो नियम आवडतो. का सांगू? थांबण्याची मुभा देणारा आमच्याकडचा तो एकच कायदा आहे. तिथं मी डेस्कला सांगू शकते, आत्ता दाखवता येणार नाही. पुरात मी असं म्हटलं तर पलीकडून ऐकू येतं, समोरचे दाखवतायत."

समोरचे, म्हणजे दुसऱ्या वाहिन्या. या दोन शब्दांवर तो सगळा व्यवसाय चालतो. त्यांच्या न्यूजरूममध्ये भिंतीवर ओळीने टीव्ही लावलेले असतात आणि एकाने दाखवलं की बाकीच्यांना दाखवावंच लागतं.

"सगळं टीआरपीसाठी," मी म्हणालो. गुरुवारी आकडे येतात आणि शुक्रवारी बातम्या बदलतात, असं आम्ही पेपरवाले नेहमी म्हणतो.

"२०२० च्या ऑक्टोबरात टीआरपी मोजणाऱ्या बार्कने न्यूजचे रेटिंग बंद केले. २०२२ च्या मार्चमध्ये परत सुरू झाले. मधल्या काळात आरडाओरडा कमी झाला का?"

विचार करून बघितलं. नव्हता झाला.

"कारण दुसरं आहे. स्टुडिओतल्या चर्चेला काय लागतं? एक अँकर, चार पाहुणे, तेही घरूनच लॅपटॉपवर. मला गगनबावड्याला जायचं तर गाडी, डिझेल, ड्रायव्हर, दादा, दिवसभराचा वेळ. आणि परत येताना बातमी मिळेलच याची खात्री नाही. भांडण स्वस्त पडतं, मामा. बातमी महाग पडते. मला मुंबईला का बोलावतायत असं तुम्हाला वाटतं? माझा आवाज चांगला आहे म्हणून. आणि इथली जागा भरणार आहेत का विचारलं तर म्हणाले, स्ट्रिंगरवर भागवू."

तिथे मी गप्प झालो. तोवर मला वाटत होतं की आपण तिच्या भल्याचं सांगतो आहोत. ती गेली की एका जिल्ह्यातून पूर्णवेळ माणूस उठणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

स्ट्रिंगर म्हणजे तालुक्याचा माणूस. पगार नाही, बातमीमागे पैसे, तेही लागली तर. बाकी वेळ त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं नाहीतर शेती. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता, वेतन आयोग होते. त्यांची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय. टीव्हीचा माणूस त्या कायद्यात बसतच नव्हता. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यम आलं ते २०२० च्या कामगार संहितेत. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, पण वाळूच्या ट्रकचा व्हिडिओ काढणाऱ्या तालुक्याच्या पोराला रात्री फोन येतो तेव्हा त्याच्या पाठीशी कंपनी उभी राहीलच असं नाही, कारण कागदावर तो कंपनीचा नसतो.

"माळीण आठवा," ती म्हणाली. "३० जुलै २०१४. डोंगर सकाळी कोसळला. गाव नाहीसं झालंय हे बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीला आला आणि समोर गावच नव्हतं. आपल्या जिल्ह्यात अशा किती वाड्या डोंगराच्या पायाला आहेत? राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी. पावसाआधी तिथं जाऊन भेगा बघायच्या, लोकांना विचारायचं, तहसीलदारांच्या यादीत ती वाडी आहे का तपासायचं. ही बातमी डोंगर पडायच्या आधी करायची असते. ती मुंबईतून होणार नाही."

"पण तू तरी करतेस का?"

"दोन वाड्यांची केली. बाकी राहिल्या. लाइव्हमधून सुटले की करते."

तिच्या कामाच्या आणखी एका बाजूबद्दल ती कधी बोलत नाही, मी विचारलं म्हणून बोलली. रस्त्यावर बारा तास काढणाऱ्या बाईने जायचं कुठे? पेट्रोल पंपावर कुलूप, गावात अनोळखी घर. सुरुवातीची काही वर्षं ती ड्युटीवर पाणीच कमी प्यायची. आता गावागावात तिच्या ओळखीच्या बायका आहेत, आशा ताई, अंगणवाडी सेविका, त्यांच्याकडे जाते. "आणि बातम्याही तिथूनच मिळतात," ती म्हणाली. "औषधं संपलीत, रेशन आलं नाही, कुणाची पोर पळवली, सगळं. कलेक्टर ऑफिसच्या प्रेसनोटमध्ये यातलं काय असतं?"

ही तर माझीच बातमीदारी झाली. चुलीपाशी बसून, चहा घेऊन, माणसाला बोलतं करून मिळवलेली. फक्त मी ती संध्याकाळी ऑफिसात बसून लिहायचो आणि माझ्या कानात कुणी 'आवर, आवर' म्हणत नव्हतं.

"मग डेस्ककडे वेळ माग," मी म्हणालो. "मुंबईला जाऊ नकोस, मी माझं म्हणणं मागे घेतो. पण आहेस तशी राहूही नकोस. दिवसातले चार तास तुझे. त्या वेळात लाइव्ह नाही, फोनवरून बोलणंही नाही. परिस्थिती बदलली तर तू स्वतः फोन करशील. पाण्याचा आकडा डेस्कने कंट्रोल रूमला विचारून पट्टीवर चालवावा, त्याला तू कशाला हवीस?"

"समोरचे दाखवत असतील तर?"

"दाखवू देत. समोरचे पूल दाखवतील, तू संध्याकाळी चिखलीच्या त्या बाईची बातमी देशील. जनावरांसाठी बोट का नाही, हे विचारून. लोक कुठली बघतील?"

"लोक पूल बघतील, मामा." ती ठामपणे म्हणाली. "निदान पहिले दोन दिवस. तुम्ही लोकांना फार चांगलं समजता. पण तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं काहीतरी हवं असतं, आणि तेव्हा आमच्याकडं देण्यासारखं काही नसतं, कारण पहिले दोन दिवस आम्ही पुलावरच असतो. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे."

इथे आमचं पुरतं जमलं नाही. मला चार तास हवेत आणि तिला दोनही पुरे वाटतात. लाइव्ह पूर्ण सोडायला ती तयार नाही. अधिकारी फोन उचलतात ते उद्या लाइव्हमध्ये आपलं नाव येईल म्हणून, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण मुंबईला नकार कळवतानाच तिने असाइनमेंट डेस्कला मेल केला: पावसाळ्यात सकाळी अकरा ते एक जिल्हा प्रतिनिधीला लाइव्हला घेऊ नये, त्या वेळात दरडीच्या धोक्यातल्या वाड्यांची मालिका करून देते, पहिली पाच गावं सोबत जोडली आहेत. पाठवण्याआधी मी मसुदा वाचला. गावांच्या नावांपुढे तिने तालुका, घरांची संख्या आणि तिथल्या ओळखीच्या माणसाचा फोन लिहिला होता. मी एकच दुरुस्ती सुचवली, की सहावी ओळ पहिली घे. तिने घेतली.

उत्तर आलं, "चांगली कल्पना. या आठवड्यात कॉलवर बोलू." कॉल अजून झालेला नाही. भाची सोमवारी भुदरगडला निघाली आहे, दादांना सकाळी सहाला बोलावलंय, म्हणजे अकरापर्यंत निदान पहिली वाडी होईल.